डोळ्याचा कर्करोग यकृतात पोहोचल्यावर: शस्त्रक्रियेचा निर्णय, तयारी आणि नंतरचे दिवस

"चार वर्षांआधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसला म्हणते, तेवढा भाग कापता येते का जी?" तालुक्याच्या रुग्णालयात काम करताना हा प्रश्न मला फार वेळा विचारला गेलेला नाही, कारण हा आजारच दुर्मीळ आहे, पण ज्या ज्या वेळी विचारला गेला, त्या वेळी समोरच्या कुटुंबाजवळ नीट लावलेली फाइल नव्हती आणि मधले काही महिने वाया गेलेले होते. यवतमाळ, वाशीम, गडचिरोली किंवा गोंदियासारख्या जिल्ह्यांतल्या खेड्यातून अशा रुग्णाला घेऊन निघणाऱ्या नातेवाइकांना प्रत्येक टप्प्यावर काय विचारायचे आणि काय सोबत ठेवायचे हे कळावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला तपासणाऱ्या तज्ज्ञांचा असतो.

आधी आजार कोणता, ते स्पष्ट केले पाहिजे. लहान मुलांच्या डोळ्यात होणारा रेटिनोब्लास्टोमा हा वेगळा कर्करोग आहे आणि त्याची वाटही वेगळी असते. येथे बोलायचे आहे ते प्रौढांच्या डोळ्यातील मेलॅनोमाबद्दल. बुबुळाचा रंगीत पडदा, त्यामागील सिलिअरी भाग आणि दृष्टिपटलाखालील कोरॉइड हा रक्तवाहिन्यांनी भरलेला थर, या तिन्हींमध्ये रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यापासून हा कर्करोग उद्भवतो. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नसल्यामुळे तो मानेतील गाठींकडे न जाता रक्तातून पसरतो, आणि पसरला की बहुतेक वेळा यकृतच गाठतो. मूळ गाठीवर उत्तम उपचार होऊनही जवळपास निम्म्या रुग्णांत पुढे कधीतरी रोग इतरत्र आढळतो, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये यकृतात गाठी असतात. हा काळ कधी दोन वर्षांचा असतो, तर कधी दहा वर्षांहून अधिक. म्हणून डोळा काढला, आता सुटलो, असे समजून कागद चुलीत घालणारे कुटुंब पुढे अडचणीत येते.

पहिली पायरी: डाग खरोखर त्याच रोगाचा आहे का

यकृतावरचा प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. आपल्या भागात अमिबामुळे होणारा यकृताचा फोड काही नवा नाही, विशेषतः दारू पिणाऱ्या पुरुषांत. शिवाय रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी पुंजके, साधी पाण्याची गाठ, जनावरांच्या संपर्कातून येणारी हायडॅटिड गाठ, हे सर्व सोनोग्राफीत डाग म्हणूनच दिसते. उलट चूकही होते. माझ्या माहितीतील एका शेतकऱ्याने पूर्वी डोळा काढल्याचे कोणालाच सांगितले नाही, काळ्या चष्म्यामागचा कृत्रिम डोळा कोणी पाहिला नाही, आणि लिव्हरमध्ये पू झाला या समजुतीवर त्याने सहा आठवडे प्रतिजैविके खाल्ली. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिले वाक्य डोळ्याच्या जुन्या आजाराचे असावे.

डोळ्यावर ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथून डिस्चार्ज कार्ड, गाठीचे माप लिहिलेला अहवाल आणि डोळा काढला असल्यास त्याचा पॅथॉलॉजी अहवाल व गाठीचा तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. हे ब्लॉक पॅथॉलॉजी विभाग वर्षानुवर्षे सांभाळतो आणि लेखी अर्ज केल्यास ते मिळू शकतात. गाठीच्या पेशींत तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत गळालेली असणे किंवा बीएपी-१ हे जनुक निकामी झालेले असणे म्हणजे रोग पसरण्याची शक्यता जास्त. ही तपासणी पूर्वी झाली असेल तर तिचा कागदही ठेवावा.

त्यानंतर यकृतातील गाठीचा सुईने तुकडा घेण्याची वेळ येते. बायोप्सीला हात लावला की कर्करोग भडकतो, ही समजूत गावोगावी घट्ट बसलेली आहे आणि तिच्यामुळे लोक तपासणी अर्ध्यावर सोडतात. नेमके निदान नसताना यकृताचा तुकडा कापणे किंवा महागडे औषध सुरू करणे हे त्याहून कितीतरी अधिक जोखमीचे आहे. मात्र शस्त्रक्रिया शक्य दिसत असेल तर सुई कोठून टोचायची आणि ती टोचणे आवश्यक आहे की नाही, हे यकृताच्या शल्यचिकित्सकाला विचारूनच ठरावे. जवळच्या सोनोग्राफी केंद्रात घाईने उरकण्याचे हे काम नव्हे.

दुसरी पायरी: गाठी किती आणि कोठे

सोनोग्राफीवर शस्त्रक्रिया ठरत नाही. यकृताचा एमआरआय, तोही यकृतपेशींत शोषल्या जाणाऱ्या विशेष कॉन्ट्रास्टसह, ही या कामाची खरी तपासणी आहे, कारण सीटी स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या अर्धा-पाऊण सेंटिमीटरच्या गाठी त्यात सापडतात. मेलॅनोमात रंगद्रव्य भरपूर असेल तर गाठ एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत पांढरी चमकते, हा एक उपयोगी पुरावा असतो. फुप्फुसे, हाडे आणि इतर अवयव पाहण्यासाठी छातीचा सीटी किंवा पेट-सीटी करतात. यकृताबाहेर रोग विखुरलेला असेल तर केवळ यकृत कापून रुग्णाला फायदा होत नाही, आणि हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

एक व्यावहारिक सूचना: अहवालाचा कागद पुरेसा नसतो, प्रतिमांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. मोठ्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक स्वतः प्रतिमा पाहतात, आणि सीडी नसेल तर तोच एमआरआय पुन्हा करावा लागतो.

तिसरी पायरी: शस्त्रक्रियेस कोण योग्य

येथे थोडे थांबावे लागेल, कारण कुटुंबाची सर्वांत मोठी गैरसमजूत याच ठिकाणी असते. गाठ कापता येते का, हा प्रश्न अपुरा आहे. शल्यचिकित्सक स्वतःला दोन प्रश्न विचारतात: दिसणारा सगळा रोग निघेल का, आणि तो काढल्यावर मागे राहणारे यकृत माणसाला पुरेल का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच सुरी हाती घेण्यात अर्थ आहे.

पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटने आपल्या १६ वर्षांच्या अनुभवावर आधारित जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या आजारासाठी यकृताची शस्त्रक्रिया झालेले २५५ रुग्ण होते. ज्यांच्यातील सर्व रोग सूक्ष्मदर्शकाखालीही स्वच्छ कडांसह काढता आला, त्यांचे शस्त्रक्रियेनंतरचे मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगले) २७ महिने होते, तर सर्व रुग्ण एकत्र धरल्यास ते १४ महिने होते. डोळ्याच्या निदानानंतर यकृतात गाठी येण्यास २४ महिन्यांहून अधिक काळ लागला असणे, काढलेल्या गाठी चार किंवा त्याहून कमी असणे, आणि यकृतभर बारीक दाण्यांसारखा रोग पसरलेला नसणे, या गोष्टी चांगल्या परिणामाशी जोडलेल्या आढळल्या. शस्त्रक्रियेसाठी मुळात बरी स्थिती असलेलेच रुग्ण निवडले जातात, त्यामुळे या आकड्यांतील सगळे श्रेय सुरीला देता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

बारीक दाण्यांचा हा पसार सर्वांत फसवा असतो. एमआरआयमध्ये दोनच गाठी दिसतात आणि पोट उघडल्यावर यकृताच्या पृष्ठभागावर काळे तीळ विखरून टाकावेत तसे ठिपके सापडतात. म्हणून अनेक शल्यचिकित्सक मोठा छेद घेण्यापूर्वी पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीतून यकृत पाहतात. तसे ठिपके दिसले तर ते तेथेच थांबतात. "डॉक्टरांनी उघडून परत शिवून टाकलं" अशी तक्रार मग गावात ऐकू येते. वास्तविक त्या डॉक्टरांनी रुग्णाला एका मोठ्या, निरुपयोगी जखमेपासून वाचवलेले असते. दुर्बिणीने पाहून थांबावे लागू शकते, ही शक्यता संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच घरातल्या सर्वांनी समजून घ्यावी.

उरणाऱ्या यकृताचा हिशेब सीटीवर मोजमाप करून मांडतात. निरोगी यकृत असेल तर एकूण आकारमानाच्या किमान २० ते २५ टक्के भाग, रक्तपुरवठा आणि पित्ताचा मार्ग शाबूत ठेवून, मागे राहिला पाहिजे. पूर्वी बरीच केमोथेरपी झाली असल्यास सुमारे ३० टक्के, आणि दारूने किंवा जुन्या काविळीने यकृत कडक झाले असल्यास ४० टक्के. हिशेब कमी पडत असेल तर कापायच्या बाजूची पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) आधी बंद करतात, त्यामुळे राहणारी बाजू साधारण चार ते सहा आठवड्यांत वाढते आणि मग शस्त्रक्रिया होते. हा मधला काळ म्हणजे चालढकल नव्हे. मात्र याच काळात नवीन गाठी उगवल्या तर बेत बदलावा लागतो, आणि तेही एक उत्तरच असते.

तीन सेंटिमीटरपर्यंतची एखादी गाठ खोलवर असेल तर ती कापण्याऐवजी सुईतून मायक्रोवेव्ह किंवा रेडिओलहरींची उष्णता देऊन जाळता येते. कधी एका शस्त्रक्रियेत दोन गाठी कापतात आणि तिसरी जाळतात. यकृत प्रत्यारोपण मात्र या आजारात सर्वसाधारणपणे केले जात नाही. मुलगा लिव्हर द्यायला तयार आहे, असे म्हणत येणाऱ्या कुटुंबांना हे लवकर सांगितलेले बरे.

कापणे शक्य नसेल तर

अशा रुग्णांची संख्या जास्त आहे, त्यामुळे हा भाग घाईने वाचू नये. निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, पण गाठी मुख्यतः यकृताच्या धमनीवर जगतात. याच फरकाचा फायदा घेऊन धमनीतून थेट औषध देण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांपैकी सर्वांत मोठी शस्त्रक्रिया म्हणजे यकृताचा रक्तप्रवाह काही काळ उर्वरित शरीरापासून तोडून, यंत्राच्या साहाय्याने त्यातून मेल्फलान या औषधाचा तीव्र डोस फिरवणे. स्वीडनमध्ये ९३ रुग्णांवर झालेल्या स्कॅन्डियम चाचणीत या पद्धतीने ४० टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, तर इतर उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.५ टक्के होते. एकूण आयुर्मानातील फरक मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम ठरला नाही. पोट न उघडता जांघेतील आणि मानेतील नळ्यांद्वारे हेच काम करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

भारतात तुलनेने सहज विचारता येतील असे पर्याय म्हणजे धमनीतून केमोथेरपी देऊन ती धमनी बंद करणे आणि यिट्रिअम-९० चे किरणोत्सारी कण सोडणे. दोन्ही कामे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे प्रतिमा पाहत नळीद्वारे उपचार करणारे तज्ज्ञ, करतात. टेबेन्टाफस्प हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले असून त्याने आयुर्मान वाढते, पण ते रक्तात एचएलए-ए०२:०१ हा विशिष्ट प्रकार असलेल्यांनाच लागू पडते आणि त्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्यातील नाही. त्वचेच्या मेलॅनोमासाठी वापरल्या जाणाऱ्या बीआरएएफ-रोधक गोळ्या येथे निरुपयोगी आहेत, कारण डोळ्याच्या मेलॅनोमात बीआरएएफ हा जनुकीय बदल सहसा नसतोच. इथे जीएनएक्यू किंवा जीएनए-११ हे बदल असतात. शेजारच्या गावातील कोणाला तरी मेलॅनोमाच्या गोळ्यांनी बरे वाटले, म्हणून त्याच गोळ्या मागण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: कोठे जायचे आणि पैशाचे काय

प्राथमिक तपासण्या आणि कर्करोगतज्ज्ञांचे मत यांसाठी विदर्भाबाहेर जाण्याची गरज नसते. नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधील एम्स आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय ही ठिकाणे लोकांना ठाऊक आहेत. यकृत कापण्याचे काम मात्र ते नियमितपणे करणाऱ्या पथकाकडेच द्यावे. तुमच्याकडे वर्षाला यकृताच्या किती शस्त्रक्रिया होतात, आणि माझ्या वडिलांचा विषय ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीपुढे) ठेवला जाईल का, हे दोन प्रश्न नम्रपणे पण अवश्य विचारावेत. कोणताही चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचे ठरले तर यकृताच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र पथक तेथे आहे. प्रतीक्षा आणि राहण्याची सोय यांचा विचार करूनच निघावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु प्रत्येक शस्त्रक्रिया आणि प्रत्येक रुग्णालय त्यात बसतेच असे नाही. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका, आधार कार्ड आणि डॉक्टरांनी लिहिलेले शस्त्रक्रियेचे नेमके नाव दाखवून पूर्वमंजुरी घ्यावी. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव यांत फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्या. मी मोठमोठी प्रकरणे एका वेलांटीवर अडलेली पाहिली आहेत. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगग्रस्ताला रेल्वेत शयनयान आणि वातानुकूलित थ्री-टायर वर्गात पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते; त्यासाठीचा अर्ज रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो. वावर गहाण ठेवण्याची वेळ येण्यापूर्वी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही त्यांच्या मदतीने करता येतो.

पाचवी पायरी: शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

विदर्भातील रुग्णाबाबत दोन गोष्टी बाहेरच्या डॉक्टरांच्या चटकन लक्षात येत नाहीत, त्या आपणच सांगाव्यात.

पहिली खर्रा, म्हणजे सुपारी आणि तंबाखूचे घोटलेले मिश्रण. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्याचे तोंड आतून कडक होते आणि तीन बोटेही उभी मावत नाहीत. भूल देताना श्वासनलिकेत नळी तोंडातून घालायची असते. तोंड उघडत नसेल तर भूलतज्ज्ञाला दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातून नळी घालण्याची तयारी करावी लागते. म्हणून हे पहिल्याच भेटीत दाखवावे आणि खर्रा, बिडी व दारू त्याच दिवसापासून बंद करावी. चार आठवडे आधी बिडी सोडली तरी फुप्फुसाच्या गुंतागुंती कमी होतात.

दुसरी सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक विकार. आपल्या अनेक समाजांत हा विकार आढळतो आणि वाहक माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. यकृत कापताना रक्तस्राव आवरण्यासाठी यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह थोडा थोडा वेळ दाबून धरतात. अशा वेळी प्राणवायू, शरीराचे तापमान आणि पाण्याचे प्रमाण यांबाबत सिकलसेलच्या रुग्णाला अधिक जपावे लागते. साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि गरज पडल्यास इलेक्ट्रोफोरेसिस ग्रामीण पातळीवरच होऊ शकते. त्याचे कार्ड असेल तर फाइलच्या वरच्या पानावर लावावे.

याशिवाय हिपॅटायटिस बी व सी, रक्त गोठण्याची चाचणी आणि हृदयाची तपासणी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर सांगतील. स्वतःहून थांबवू नयेत. काविळीचे झाडपाल्याचे औषध, भस्म किंवा अज्ञात चूर्ण सुरू असेल तर ते लपवू नये आणि लगेच बंद करावे, कारण त्यांतील काहींनी यकृत आणखी दुखावते. रक्तदाते म्हणून तीन-चार धडधाकट नातेवाइकांची नावे आधीच ठरवून ठेवावीत. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत माणसे ऐन वेळी मिळत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

बहुधा उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेतला जातो. यकृतावर थेट सोनोग्राफीचे यंत्र ठेवून आधी न दिसलेल्या गाठी शोधतात, मग ठरलेला भाग रक्तवाहिन्या एकेक बांधत वेगळा करतात. चार ते सहा तास सहज जातात, आणि वेळ लागतो म्हणजे काही बिघडले असा अर्थ बाहेर बसलेल्यांनी काढू नये. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असते. ते शून्य नसते.

नंतरचे दिवस

पहिले एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात जातात. पोटात निचऱ्याची नळी असते. तिच्यातून हिरवट-पिवळा स्राव येऊ लागला तर ती पित्तगळती असू शकते, जी बहुतेकदा नळी काही दिवस ठेवूनच बंद होते. पाचव्या दिवसाच्या सुमारास बिलिरुबिन (रक्तातील काविळीचे प्रमाण) आणि रक्त गोठण्याच्या चाचणीवरून उरलेले यकृत काम पेलते आहे की नाही हे कळते. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि मग न्युमोनिया होतो; त्यामुळे उशी पोटाशी धरून खोकणे, फुंकण्याच्या यंत्राचा व्यायाम आणि दुसऱ्या दिवसापासून चालणे, यांसाठी नातेवाइकांनी मागे लागलेच पाहिजे. साधारण सात ते दहा दिवसांत सुटी होते.

राहिलेले यकृत पुढील दोन-तीन महिन्यांत मोठ्या प्रमाणावर वाढून भरते. या काळात अन्न तोडायचे नसते. काविळीची धास्ती म्हणून फक्त भात आणि उसाचा रस देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याऐवजी तुरीचे वरण, अंडी, दही, हरभरा, जमत असल्यास मासे असा प्रथिनांचा आहार थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावा. साधी ताप-दुखीची गोळीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच घ्यावी. सहा ते आठ आठवडे पोते उचलणे, डवरणी, पाठीवर फवारणीचा पंप, विहिरीचे पाणी ओढणे, सर्व बंद. सुटी एप्रिल-मे महिन्यात झाली असेल तर दुपारचा प्रवास टाळावा. ४५ अंशांच्या उन्हात नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे पाणी कमी होण्यास दोन तासही पुरतात.

ताप, थंडी, डोळे पिवळे होणे, काळी शौच, पोट फुगणे, जखमेतून पाणी, पायाची पोटरी सुजणे, बडबड किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रिया झालेल्या विभागाला दूरध्वनी करावा. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात गेलेली एक रात्र येथे महाग पडते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी बहुतेक रुग्णांत रोग पुढे पुन्हा यकृतातच डोके वर काढतो, हे कुटुंबातील किमान एका जबाबदार माणसाला स्पष्ट ठाऊक असावे. म्हणून पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी एमआरआय किंवा सीटी करतात. फक्त रक्ताच्या लिव्हर चाचण्यांवर विसंबता येत नाही, कारण गाठी बऱ्याच वाढेपर्यंत त्या सामान्यच येऊ शकतात. पुन्हा आलेली एखादी गाठ लवकर सापडली तर ती जाळण्याचा किंवा परत कापण्याचा पर्याय उरतो. रोग आवरत नाही असे दिसले तर वेदनाशामक उपचार विभागाशी संबंध लवकर जोडावा. मॉर्फिनच्या गोळ्या योग्य देखरेखीखाली घरीही देता येतात.

या सर्व गडबडीत डोळा विसरला जातो. कृत्रिम डोळा काढून धुण्याची सवय मोडू देऊ नये, आणि शाबूत असलेल्या डोळ्याची बाहुली मोठी करून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. पुन्हा शेतात जाऊ लागल्यावर सोयाबीनच्या मळणीला, तुराट्या कापताना किंवा फवारणी करताना पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा लावावा. तो कोणत्याही चष्म्याच्या दुकानात सांगून बनवता येतो, आणि नंबर नसला तरी लावायचा असतो.